सदऱ्यावरच्या अक्षता

खंडेनवमीला घरातली हत्यारे धुऊन पुसून पाटावर मांडली की ती घटना हटकून आठवते. नोकरी सुटून बरीच वर्षे झाली. माझी हत्यारे म्हणजे आता एक विळी, एक अडकित्ता आणि चाळशीची डबी. पण हळदीत बोट बुडवून त्यांच्यावर ओढले की डोळ्यांपुढे सोलापूरच्या एका मिलचा रंगखाना उभा राहतो. नावे मी कोणाची सांगणार नाही. त्यातली बरीच माणसे आज नाहीत, पण त्यांची मुलेनातवंडे आहेत आणि ती इमानाने पोट भरत आहेत.

त्या वेळी मी मिलच्या भागातल्या ठाण्यावर फौजदार होतो. ठाण्यातले घड्याळ कधी पुढे तर कधी मागे, त्यामुळे पहारा बदलायचा तो मिलच्या भोंग्यावर. माझ्या हाताखाली बार्शीकडचे एक जमादार होते. वयाने माझ्यापेक्षा मोठे, कामाला पक्के. माणूस दारातून आत येताच तो फिर्यादी की आरोपी हे ते त्याच्या चालीवरून सांगत. निम्म्या वेळा ते बरोबर निघे आणि उरलेल्या निम्म्या वेळा ते लक्षात ठेवत नसत. मी वेळापूरचा, देवळाच्या सेवेतल्या घरातला. त्यामुळे माझ्या पाठीमागे ते मला ‘पुजारी फौजदार’ म्हणतात, हे मला ठाऊक होते. मलाही त्याचे काही वाटत नसे.

दसऱ्याची सुट्टी संपून मिल सुरू झाली त्या दिवशी सकाळी मिलचा शिपाई वर्दी घेऊन आला. रंगखान्यात तेजाब, म्हणजे ॲसिड, सांडले, मुकादम भाजला, त्याला सरकारी दवाखान्यात नेले आहे. अपघात आहे, साहेबांनी फक्त नोंद करून घ्यावी. मी नोंद करायला सांगितली आणि पंचनाम्याला निघणार तोच आमचा एक शिपाई मिलच्या फाटकासमोर भजी तळणाऱ्याला घेऊन आला.

“माझं नाव कुटं घेऊ नका साहेब,” तो दारातच म्हणाला. “पर त्ये सांडलेलं न्हाय. फेकलंय. एकदा न्हाय, दोनदा.”

“तू पाहिलंस?”

“मी कढईपुढं. पर आतनं पळत आलेली मानसं खोटं बोलतील व्हय? समद्यांनी बघितलंय की.”

“कोणी फेकलं?”

“आता त्ये बी मीच सांगू? नवमीच्या आदी मुकादमानं कुणाच्या थोबाडीत दिली, त्येवडं इचारा म्हंजे झालं.”

एवढे बोलून तो घाईने गेला. तळणीचे तेल तापत ठेवले होते म्हणे. खबर देणाऱ्या माणसाला नेहमी घाई असते. थांबला तर आपण त्याला साक्षीला धरू ही भीती.

मी आधी दवाखाना गाठला. अशा वेळी भाजलेल्या माणसाचा जबाब पहिला घ्यायचा असतो, जागा काही पळून जात नाही. मुकादमाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या, गळा आणि डावा खांदा औषधाने माखलेला. चाळिशीचा धिप्पाड माणूस. रंगखान्यात त्याच्या आवाजाला लोक भीत असत, पण त्या दिवशी आवाज बसला होता.

“त्या रंगाऱ्यानं केलं,” तो म्हणाला. “पिंपावर वाकून बघत व्हतो. त्यानं पळाभर वतलं आन तोंडावर जाळ आला. मी वळलो, खाली बसलो, तर वरनं परत वतलं. जीवच घ्याचा व्हता त्याला.”

त्याची बायको पायथ्याशी बसली होती. तिच्या मांडीवर त्याच्या सदऱ्याचे बोचके होते. “मी सवता धुऊन वाळवल्याला सदरा सकाळी घातला व्हता,” ती एकसारखी म्हणत होती. “निस्ती चाळण झाली त्याची.” मी तो सदरा तपासासाठी मागून घेतला. तिने तो लगेच सोडला नाही. माणूस समोर पडलेला आणि बाई सदऱ्याला धरून बसलेली, असे मी पुढेही पुष्कळदा पाहिले आहे.

डॉक्टर बाहेर भेटले. ते म्हणाले, डावा डोळा गेला. उजवा बहुधा वाचेल, कारण भाजल्याबरोबर कोणीतरी भरपूर पाणी ओतलेले दिसते. त्या माणसाला शाबासकी द्या.

ही गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. कारण मिलमध्ये गेल्यावर मी ज्याला त्याला विचारले, पाणी कोणी ओतले? कोणीच पुढे येईना. चांगले काम करून नाव न सांगणारा माणूस मला नोकरीत फारसा भेटलेला नव्हता.

रंगखाना म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. सूत रंगवण्याची पिंपे, वाफ, ओली फरशी, आणि नाकाला झोंबणारा वास. तिथे दोन जहाल वस्तू वापरात होत्या. एक गंधकाचे तेजाब आणि दुसरे कॉस्टिक सोड्याचे पाणी, ज्याला कामगार नुसते ‘खार’ म्हणत. दोन्ही दिसायला पाण्यासारखी, दोन्ही एकसारख्या भाजक्या मातीच्या उंच बरण्यांत ठेवलेली. तेजाबाच्या बरण्या एका भिंतीला आणि खाराच्या समोरच्या भिंतीला. दोन्ही अंगाला लागली तर कातडी सोडवतात, आणि एकमेकांत पडली तर उकळून अंगावर येतात. म्हणून मध्यभागी सिमेंटचा एक हौद बांधलेला होता. कोणावर काही उडाले तर त्याला सरळ त्या हौदात ढकलायचे, असा तिथला जुना शिरस्ता.

त्या दिवशी हौद कोरडा होता. आत ताजा चुना मारलेला आणि तळाशी झेंडूचे एक फूल. खंडेनवमीच्या पूजेसाठी हौद उपसून घासला, रंगवला, चुना वाळू दिला आणि मग सुट्टी लागली. बरण्याही साऱ्या अंगणात नेऊन घासून लखलखीत केल्या होत्या. प्रत्येकीवर हळदीची पाच बोटे आणि कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. कोपऱ्यात पूजेचा चौरंग होता आणि त्यावर तांदळाची विसकटलेली रास. पूजा उतरवली असेल असे समजून मी पुढे गेलो.

साक्षीदारांचे जबाब एकासारखे एक. रंगारी खाराचे पिंप तयार करत होता. मुकादम वाकून पाहत होता. रंगाऱ्याने बरणीतून पळा भरून पिंपात ओतला आणि स्फोटासारखे उसळले. पांढरी वाफ झाली. त्या वाफेत रंगाऱ्याने काहीतरी भांडे उचलले आणि ओरडणाऱ्या मुकादमाच्या डोक्यावरून पुन्हा ओतले.

“कसलं भांडं?” मी विचारले.

“वाफंत कोन बघतंय साहेब? भांडं व्हतं. वतलेलं मातर बघितलं.”

“पाणी असेल.”

“पानी आनायचं कुटनं? हौद त्यो असा. नळ अंगनात. अंगनातनं पानी आनस्तवर त्यो भिजून बसल्याला व्हता.”

म्हणजे दुसऱ्यांदा पडले तेही तेजाबच. आणि नवमीच्या आधीचे भांडणही खरे निघाले. सुताचा रंग बिघडला म्हणून मुकादमाने ह्याच रंगाऱ्याच्या सगळ्यांदेखत थोबाडीत दिली होती, आणि तो “देवी बघून घेईल” असे म्हणाला होता. आमच्या जमादारांनी ऐकताना त्यातली देवी गाळून टाकली आणि मला सांगितले, “बघून घेतो म्हनला व्हता साहेब.” मी ते वाक्य पुन्हा साक्षीदाराच्या तोंडून वदवून घेतले, म्हणून देवी जबाबात राहिली.

रंगारी पळालेला नव्हता. शेडच्या मागच्या भिंतीला टेकून, दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून बसला होता. तळहात भाजलेले होते. तेलुगू बोलणाऱ्या विणकर घराण्यातला, तिशीच्या आतला, हाडकुळा माणूस. मराठी चांगली बोलायचा, पण त्या दिवशी शब्द शोधावा लागत होता. आधी त्याला दवाखान्यात नेऊन हातांना पट्ट्या बांधून घेतल्या, मग ठाण्यात आणले.

“मी खार घातला,” तो म्हणाला. “खाराच्या रांगेतली बरणी. तिथनंच घेतला.”

“खारात खार घातला तर उसळतो?”

“नाही.”

“मग?”

त्याने पट्टी बांधलेले हात मांडीवर पालथे केले.

“आणि दुसऱ्यांदा काय ओतलंस?”

त्याने मान खाली घातली. मी पुष्कळ वेळ थांबलो. चौकशीत गप्प बसता येणे हे अर्धे काम आहे. नव्या माणसाला ते जमत नाही, तो आरोपीच्या आधी स्वतःच बोलून बसतो. शेवटी रंगारी म्हणाला, “माझ्याच हातानं झालं साहेब. माझ्यामुळंच त्याचा डोळा गेला. मला काय व्हायचं ते होऊ दे.”

बाहेर आल्यावर जमादार खूष होते. “कबूल झाला की. उद्या मॅजिस्ट्रेटपुढं ह्येच बोलला तर काम फत्ते.”

पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात कवडीची किंमत नसते, मॅजिस्ट्रेटपुढच्या कबुलीला मात्र असते. दुसऱ्या दिवशी त्याला हजर करायचेच होते. तो हेच वाक्य तिथे बोलला असता, तर जहाल वस्तूने जबर दुखापत केल्याचे कलम लागत होते आणि त्याला काळे पाणीसुद्धा होऊ शकत होते. ठाण्याच्या पायरीवर त्याची बायको डबा घेऊन बसली होती. मिलच्या कांडी खात्यात सुताच्या कांड्या भरायच्या कामाला होती, केसांत अजून सुताचे तंतू. ती रडत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शिपायाकडे ती नुसती बघत होती, आणि आमच्यातला एकही तिच्याकडे बघत नव्हता.

तेवढ्यात मिलचे मॅनेजर टांग्यातून आले. सकाळी ‘अपघात’ म्हणणारे हेच गृहस्थ. आता म्हणाले, “हवे तेवढे साक्षीदार देतो. एका माथेफिरूने सूड घेतला, त्याला मिल काय करणार?” अपघात असता तर हौद कोरडा का, हे कोणीतरी विचारले असते. गुन्हा असला की कोणी विचारत नाही. मला त्या माणसाचा राग आला आणि तो मी चहा न विचारून व्यक्त केला. फौजदाराला याहून जास्त करता येत नाही.

दुपारी मुद्देमालाला लाखेचे सील करायला घेतले. त्यावरचे वर्णन मी दुसऱ्याला लिहू देत नसे. ‘एक सदरा, जळका’ एवढे लिहून लोक मोकळे होतात आणि मग कोर्टात वकील त्यांना उभे सोलतो. दोन पंच बोलावले, टेबलावर कागद अंथरला आणि सदरा उलगडला.

डावा खांदा आणि छाती यांवर भोके होती. भोकांच्या कडा हात लावला तर भुग्यासारख्या गळत. पाठीवर मात्र एकही भोक नव्हते. कापड धड होते आणि त्यावर मानेपासून खालपर्यंत पसरलेला पिवळसर तांबडा डाग. जबाब सांगत होते की दुसऱ्या वेळचे डोक्यावरून पाठीवर पडले. मग तेजाबाने पुढे भोके पाडली आणि मागे नुसता डाग पाडला, हे कसे?

मी सदरा खिडकीपाशी नेला. कॉलरच्या दुमडीत काही पांढरे चिकटले होते. नखाने काढले. तांदळाचे दाणे, कुंकवाने लाल झालेले.

“जमादार, हे काय?”

त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. “अक्षता हायती.”

“कुठल्या?”

“पूजंच्या असतील. नवमीला उडाल्या असतील अंगावर.”

“धुऊन वाळवलेला सदरा त्याच सकाळी अंगात घातला होता.”

मी देवळाच्या घरातला. पूजेच्या कळशीत हळद, कुंकू आणि अक्षता घालतात आणि वर आंब्याची पाने लावून नारळ ठेवतात, हे मला कोणी शिकवावे लागले नाही. चौरंगावरची तांदळाची रास विसकटलेली होती. पूजा रीतीने उतरवली असती, तर तिथली रास कोणी अशी टाकून दिली नसती. तिथून कळशी कोणीतरी घाईने उचलली होती.

मी अक्षता कागदावर घेतल्या, कोठडीत गेलो आणि कागद रंगाऱ्यासमोर ठेवला. “कळशी कुठे आहे?”

त्याने दाण्यांकडे पाहिले आणि त्याचा बांध फुटला. मोठा माणूस तसा रडतो तेव्हा ऐकवत नाही. मी हवालदाराला बाहेर पाठवले आणि खाली फरशीवर त्याच्यासमोर बसलो.

रंगखान्याची रीत अशी होती. खंडेनवमीला मुकादमाने आपल्या हाताने तांब्याची मोठी कळशी भरून मांडायची, आणि सुट्टीनंतर पहिल्या दिवशी त्यानेच ती उतरवायची. मधे दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही. त्या दिवशी ती उतरवायची राहिली होती. मुकादम ओरडत खाली बसला तेव्हा रंगारी हौदाकडे धावला. हौद कोरडा. सगळ्या शेडमध्ये पाणी होते ते एवढ्या एकाच कळशीत.

“नारळ बाजूला ठेवायला वेळ नव्हता साहेब. तसाच फेकला. फरशीवर फुटला. पायात चप्पल होती. आमच्या अम्मवारूचा कलश मी चपलेनं...” त्याने कानाला हात नेला, पण पट्टीमुळे कान धरता येईना. “नारळ फुटला आणि तिकडं डोळा गेला. मी कलश मोडला नसता तर गेला नसता. माझ्यामुळंच गेला.”

अम्मवारू म्हणजे त्यांची देवी. थोबाडीत बसली तेव्हा तो तिच्यावर हवाला टाकून मोकळा झाला होता, आणि आता तिनेच आपले म्हणणे फार ऐकले अशी त्याची समजूत झाली होती. तो गुन्हा कबूल करत होता हे खरे. पण तो गुन्हा आमच्या पुस्तकातला नव्हता.

“अरे, डॉक्टर म्हणतात त्या पाण्यानं एक डोळा राहिला,” मी म्हणालो. त्याला ते पटले नाही. बाहेर जमादार दाराशी उभे होते. ते नुसते म्हणाले, “आन आपन त्याला कबुली समजत व्हतो.” मग ते पायरीवर गेले आणि त्याच्या बायकोला म्हणाले, “बाई, डबा आत द्या. जेवंल आता.”

तरी निम्मे काम बाकी होते. दुसऱ्यांदा पाणी ओतले हे ठीक. पण पहिल्यांदा तेजाब कसे पडले? मुद्दाम घातले नाही कशावरून? आम्ही लगेच पुन्हा मिलमध्ये गेलो. मॅनेजर बरोबर आलेच. कळशी बरण्यांच्या मागे घरंगळून पडलेली सापडली, चेपलेली. नारळाच्या करवंट्याही तिथेच. पंचांनी त्या पाहिल्या.

मग मी खाराच्या रांगेसमोर उभा राहिलो. सगळ्या बरण्या सारख्या, प्रत्येकीवर हळदीची पाच बोटे. मात्र आता जवळून पाहिले तर प्रत्येक बरणीच्या तोंडावरून एखादा ओघळ खाली आलेला आणि जिथे तो हळदीला लागला तिथे हळद लालभडक झालेली. हे गुपित घरातल्या कोणत्याही बाईला विचारा. हळदीच्या हाताचा डाग साबणाने धुतला की लाल होतो, हळदीत चुना कालवला की ती लाल होते. खाराचा तो गुणच आहे. सगळी रांग लाल ओघळांची. मधल्या एकाच बरणीवर ओघळ काळा होता, हळद करपल्यासारखी.

समोरच्या भिंतीला तेजाबाची रांग. तिथे सगळे ओघळ काळे आणि एक लाल.

काळ्या ओघळाच्या बरणीत मी काडीला बांधून सुताचा धागा सोडला. तो बाहेर काढेपर्यंत गळून गेला. खाराच्या रांगेत तेजाबाची बरणी उभी होती. रंगाऱ्याने रोजच्या जागेवरून रोजच्यासारखा पळा भरला होता.

“बरण्यांवर काही खूण नसते का?” मी विचारले.

सगळे मॅनेजरांकडे पाहत होते. मग मागून एक म्हातारा कामगार म्हणाला, “आसती की. तेजाबाला चुन्याचा पट्टा, खाराला डांबराचा. नवमीला घासून काडली.”

“कोणी सांगितलं?”

“मुकादमानं. मालक पूजंला येनार व्हतं. देवापुढं डांबर बरं दिसत न्हाय म्हनला. हौद बी तवाच उपसला.”

पुसलेल्या बरण्या अंगणातून परत आणताना एक इकडची तिकडे गेली. कोणाच्या हातून गेली ते कोणालाच सांगता आले नाही आणि मी फार खोदलेही नाही. ज्या वस्तूंचा वर्षभर धाक बाळगायचा, त्यांनाच लोकांनी मनोभावे न्हाऊमाखू घातले, हळद लावली, माळा घातल्या. आणि त्या भक्तीत जपणुकीची एकूणएक सोय पुसून टाकली.

मॅनेजर म्हणाले, “हे सगळे लिहायलाच हवे का?” मी म्हणालो, “लिहून झाले आहे.” पंचांनी सह्या केल्या.

पण मुकादमाचा जबाब तसाच होता. जखमी माणूस म्हणतो मला दोनदा मारले, भांडणाला साक्षीदार आहेत, मिल त्याच्या पाठीशी आहे. तो आपल्या शब्दावर अडून बसला असता, तर रंगाऱ्याला कोर्टात महिनोन्महिने झुंजावे लागले असते. आणि शब्द मागे घेतला, तर खूण पुसल्याचे पाप सरळ मुकादमाच्या माथी येत होते. एक डोळा गेला होता, पाठोपाठ नोकरीही जाणार. असल्या माणसाकडून खरे मागायला जायचे, म्हणून दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आधी दवाखान्याची पायरी चढताना मला जड वाटत होते.

मी त्याला काही सांगितले नाही. त्याचा हात हातात घेतला आणि तळव्यावर ते दाणे ठेवले. पट्टी बांधलेल्या माणसाने अंगठ्याने दाणे चाचपले.

“तांदूळ,” तो म्हणाला. मग बोटाला वास घेतला. “कुंकू हाय. अक्षता व्हय?”

“तुमच्या सदऱ्याच्या कॉलरमधून निघाल्या.”

त्याने दाणे पुन्हा चाचपले. “माजी कळशी,” तो सावकाश म्हणाला. “पानी व्हतं त्ये?”

“दुसरीकडे पाणीच नव्हतं.”

“न्हवतं,” तो म्हणाला. “हौद मीच उपसाया लावला व्हता.”

त्याच्या बायकोला पुढचे कळले असावे. ती चटकन म्हणाली, “आता काय बी बोलू नगा. पोटावर पाय येईल.”

“गप ऱ्हा,” तो म्हणाला, पण रागाने नाही. “साहेब, लिवा. डांबर मीच पुसाया लावलं. चुना बी मीच. बरन्या जागंवर हायत का न्हाईत त्ये बघायचं काम माजं व्हतं, त्ये बी मी बघितलं न्हाय. त्या पोराला सोडा.” मग त्याने विचारले, “त्यानं नारळ काय केला?”

“फुटला. त्याला वाटतं त्यामुळे तुमचा डोळा गेला.”

मुकादमाने अक्षता मुठीत घट्ट धरल्या आणि तोंड भिंतीकडे वळवले. मी जबाब पुरा केला, त्याचा अंगठा घेतला आणि निघालो. त्या मुठीतल्या अक्षता मी मागून घेतल्या नाहीत. काही दाणे सील केलेल्या पुडीत होते, तेवढे कोर्टाला पुरेसे होते.

रंगारी त्याच दिवशी सुटला. प्रकरण समजुतीच्या चुकीचे म्हणून मी ‘सी’ समरीसाठी, म्हणजे गुन्हा धरता येत नाही असे नोंदून बंद करण्यासाठी, पाठवले आणि कोरड्या हौदाविषयी कारखाने तपासणाऱ्या साहेबांकडे वेगळा कागद केला. त्यांनी मिलला काय सांगितले ते मला कळले नाही. पण काही महिन्यांनी मुकादम पुन्हा कामावर दिसला, पगार कमी आणि काम एकच, बरण्या आणि हौद सांभाळायचे.

पुढच्या खंडेनवमीला रंगखान्यातून मला पूजेचे बोलावणे आले. आमचे जमादार म्हणाले, “जाऊ या की. पुजारी फौजदार न्हाय गेला तर देवी रागवंल.” तोंडावर त्यांनी ते नाव घेतले ते तेवढे एकदाच.

बरण्या धुतल्या होत्या, पण रांगेतून न हलवता, आणि प्रत्येकीवर आधी नवा पट्टा ओढून मग त्याखाली हळद लावली होती. हौद काठोकाठ भरलेला. पहिली माळ त्याला, पहिले हळदकुंकू त्याला. दोन भिंतींच्या मधे हळदीत भिजवून वाळवलेल्या कापडाच्या चिंध्या टांगल्या होत्या. फरशीवर काही ओले दिसले की आधी चिंधी टेकवायची, लाल झाली तर खार. लाल नाही झाली तरी पाण्याशिवाय हात लावायचा नाही. ही युक्ती कोणाची ते मी विचारले नाही. एका डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला मुकादम प्रत्येक गोष्ट बोट लावून पाहत होता.

तो त्या रंगाऱ्यावर पहिल्यासारखाच खेकसत होता, हे पाहून मला बरे वाटले. माणसे एका रात्रीत देवमाणसे झाली की मला संशय येतो.

कळशी मांडायची वेळ आली. चेपलेली कळशी ठोकून नीट केलेली होती, तरी पोचा दिसत होता. रंगारी लांब, दाराशी उभा होता. वर्षभर त्याने पूजेच्या कुठल्याच वस्तूला हात लावला नव्हता, असे त्याची बायको म्हणाली. मुकादमाने त्याला हाक मारली. तो येईना. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा आला, पायातल्या चपला दाराशीच काढून, आणि हात मागे बांधून उभा राहिला.

मुकादमाने भरलेली कळशी त्याच्यापुढे धरली. “मांड तुज्या हातानं,” तो म्हणाला. “आन उतरवायची बी तूच.”

चाळीस माणसांसमोर रंगाऱ्याने हात पुढे केले. तळव्यांवर भाजल्याचे वण होते. त्याने कळशी तांदळाच्या राशीवर ठेवली, पाने लावली, नारळ ठेवला, आणि मग ती नीट बसली आहे का हे पाहण्यासाठी पुन्हा एकदा थोडी फिरवली.

त्या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच. पाहणारा माणूस बहुतेक वेळा खोटे बोलत नाही. त्याने भांडे उचललेले पाहिले, ओतलेलेही पाहिले. भांड्यात काय होते हे मात्र त्याने आपल्या मनातून भरले, आणि ते तपासून बघायचे काम पोलिसाचे. कबुलीचेही तसेच. माणूस ‘माझ्यामुळे झाले’ म्हणतो तेव्हा त्याला विचारावे, काय झाले? आम्ही ते विचारले नसते तर एका कळशीभर पाण्याबद्दल एक माणूस अंदमानात गेला असता.

आजही खंडेनवमीला आमच्या घरी हळद लावायच्या आधी मी मोरीतले पाण्याचे पिंप भरलेले आहे का ते पाहून येतो. सूनबाई हसते. म्हणते, मामंजी, विळीला आणि अडकित्त्याला कसले पाणी लागते? मी म्हणतो, लागत नाही ते फार चांगले, पण भरून ठेव.